दवबुरशी आणि रिकामा डबा

शलाका पोतनीसच्या परसातला खताचा ढीग तीन उन्हाळे जसाच्या तसा बसून होता. पहिल्या वर्षी टाकलेली केळ्याची साल त्यात अजून ओळखू येई. फरक एवढाच, की आता तिचं चामडं झालं होतं.

"साताऱ्यात पावसाळ्यात कोपऱ्यात चप्पल विसरली तर तिचं खत होतं," तिची आई कुमुदताई म्हणायच्या, "आणि तुझ्या ह्या ॲडलेडात खताची चप्पल होते. मातीची डॉक्टरीण म्हणे!"

टोमणा शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होता, म्हणूनच तो शलाकाला लागायचा. खत व्हायला ओला कचरा, सुका पाचोळा, हवा आणि पाणी लागतं. पाणी किती, तर पिळलेल्या फडक्यात राहतं तेवढं. पुढचं काम जिवाणू आणि बुरश्या करतात, आणि त्यांना ऊब लागते. आपल्याकडे पाऊस आणि ऊब बरोबरच येतात. ॲडलेडला, भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांसारखाच, पाऊस पडतो थंडीत. तेव्हा जिवाणू गारठून बसलेले असतात. उन्हाळ्यात ते कामाला उभे राहतात, तर प्यायला थेंब नसतो. नवरा रात्रपाळीला आणि बायको दिवसपाळीला असावी तसा हा संसार. घरात सगळं आहे, फक्त गाठ पडत नाही.

पुढे थंडीतला पाऊसही आखडला, आणि शहराने नवा नियम केला. ज्याची माती पाणी धरून ठेवते, त्यालाच बागेसाठी पाण्याचा वाटा. माती पाणी धरते ती खतामुळे. म्हणजे पाणी नाही म्हणून खत नाही, आणि खत नाही म्हणून पाणी नाही. या पेचातून सुटण्यासाठी शलाकाने प्रयोगशाळेत दवबुरशी तयार केली होती. तिच्या तंतूंवर एका प्रथिनाचं आवरण होतं. दमट हवेत मीठ ओलं होतं, तसं हे आवरण रात्री समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातली वाफ ओढून घ्यायचं आणि ऊन चढलं की आक्रसून मिटायचं. रात्री भरलेलं पाणी बुरशी दिवसभर स्वतः वापरायची आणि शेजारच्या जिवाणूंनाही पुरवायची. प्रयोगशाळेत तिने निलगिरीच्या कडकडीत पानांची काळी, मऊ माती करून दाखवली होती.

"पाणक्या आहे म्हण की," कुमुदताई म्हणाल्या, आणि घरात तिचं तेच नाव पडलं.

आता प्रश्न खऱ्या परसांचा होता. निवडक गल्ल्यांमध्ये उन्हाळाभर चाचणी व्हायची होती आणि शेवटी संस्थेची समिती निकाल देणार होती. पाणक्या चालला तर शहरभर जाणार. नाही चालला तर प्रकल्प बंद, शलाकाची नोकरी बंद, आणि नोकरीबरोबर मिळालेलं घरही बंद. शलाकाला दुसरं घर मिळालं असतं. पण कुमुदताईंना दुसरी गल्ली मिळाली नसती. जन्मभर शाळेच्या पटांगणावर कवायत घेतलेली ही बाई, नवरा गेल्यावर लेकीकडे आली ती पहिलं वर्षभर खिडकीतून नुसता रस्ता बघत राहिली होती. आता ती संध्याकाळी 'आलेच' म्हणून बाहेर पडायची आणि तासभर यायची नाही. हे तिला पुन्हा नव्याने जमेल याची शलाकाला खात्री नव्हती.

चाचणीत प्रत्येक गल्लीला एका रंगाचे डबे दिले होते. डब्यात कोंड्यात मिसळलेले बुरशीचे बीजाणू. लोकांनी ते ढिगात ओतायचे, रिकामा डबा संस्थेत परत जायचा, आणि तोच डबा भरून पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा. शलाकाच्या गल्लीचे डबे पिवळे होते. ने-आण करायला स्वयंसेवक हवा होता, तेव्हा कुमुदताईंनी हात वर केला.

"एकच नियम आहे," शलाका म्हणाली. "डबा रिकामा परत आला पाहिजे."

"रिकामा?"

"रिकामा."

"असा मोकळा डबा परत देऊ नये गं शलू. निदान चिमूटभर साखर तरी..."

"आई, तो कुणाच्या घरचा डबा नाही. संस्थेचा आहे."

"संस्थेत माणसं नसतात का?"

"आई!"

"बरं," कुमुदताई म्हणाल्या.

ते 'बरं' शलाकाने लहानपणापासून ऐकलं होतं. शाळेचे मुख्याध्यापक, वडील, डॉक्टर, सगळ्यांना कुमुदताईंनी तेच 'बरं' दिलं होतं आणि नंतर आपल्याला हवं तेच केलं होतं. पण त्या दिवशी शलाकाच्या डोक्यात तापमापकांची जुळवाजुळव चालली होती.

फेब्रुवारीत, पारा बेचाळिसावर असताना, एका सकाळी कुंपणापलीकडून आरोळी आली.

"कुमू! कुमू! धूर!"

पलीकडे स्तावरोस राहायचा. ऐंशीच्या घरातला एकटा ग्रीक म्हातारा, कानाने थोडा कमी आणि आवाजाने भरपूर. त्याचं इंग्रजी कुमुदताईंच्या इंग्रजीइतकंच मोडकं होतं, त्यामुळे दोघांचं उत्तम जमे. शलाका धावत गेली. धूर नव्हता, वाफ होती. ढिगाचं पोट साठ अंशांच्या वर तापलं होतं. स्तावरोसने त्यात खुपसून ठेवलेलं अंडं बाहेर काढलं, सोललं, मीठ लावलं आणि शलाकाच्या हातावर ठेवलं. ते उकडलेलं होतं.

आठवड्याभरात गल्लीतला प्रत्येक ढीग तापला. आणि बाकीच्या गल्ल्यांमध्ये? निळे, हिरवे, तांबडे, सगळ्या डब्यांचे ढीग थंड. तिथे बीजाणू जसे पडले तसेच झोपून राहिले होते.

एकच गल्ली यशस्वी व्हावी आणि ती नेमकी शास्त्रज्ञाची स्वतःची असावी, याला शास्त्रात कुणी योगायोग म्हणत नाही. शलाकाने सावली मोजली, वारा मोजला, पाचोळा तपासला. फरक सापडेना. शेवटी तिने संस्थेतून निघण्याच्या बेतात असलेले दोन डबे उघडले, एक निळा आणि एक पिवळा, आणि दोन्हींतली चिमूट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. निळ्यातले बीजाणू गाढ झोपेत होते. पिवळ्यातल्यांना मटकीसारखे मोड आले होते.

तिने पिवळ्या डब्याचा तळ खरवडून परीक्षण केलं. साखर होती, कसलीतरी न शुद्ध केलेली साखर, थोडं तेल, आणि शेंगदाणा.

शलाका उठून तळमजल्यावर डबे घेण्याच्या खिडकीशी गेली. तिथे डेक्लन बसायचा. धिप्पाड, लाल दाढीचा आणि नियमाचा पक्का. त्याच्या दाढीत दाण्याचं कूट होतं.

"डेक्लन, पिवळे डबे कसे येतात?"

"भरलेले," तो म्हणाला. "आणि नियम आहे रिकाम्या डब्यांचा. म्हणून मी ते रिकामे करतो."

"कसे?"

डेक्लन जरा लाजला. "चहाबरोबर."

"गेले दोन महिने?"

"मला वाटलं, तुमच्या विभागाची पद्धत असेल. सुरुवातीला फक्त लाडूच यायचे. मग त्या ग्रीक आजोबांचे ऑलिव्ह यायला लागले, कोपऱ्यावरच्या बाईंचे केक. पण लाडू दर आठवड्याला. डॉक्टर, त्यात वेलदोडा असतो ना?"

"आणि डबे धूत नाहीस?"

"पाणी कुठे आहे धुवायला? संस्थेचाच नियम आहे. अतिनील दिव्याखाली ठेवतो. एकूण एक जंतू मरतो."

जंतू मरतात. गूळ मरत नाही. शलाका तिथल्याच स्टुलावर बसली आणि तिला सगळं एकदम दिसलं. विहीर खणणाऱ्याला तहान लागते, पण विहीर खणून होईपर्यंत पाणी नसतं. पाणक्याचं तेच होत होतं. तंतू फुटले की तो हवेतून पाणी ओढणार. पण तंतू फुटायलाच घोटभर पाणी आणि घासभर अन्न लागणार. प्रयोगशाळेत त्याला गोड खळीवर वाढवलं होतं, म्हणून ही अडचण कुणाच्या लक्षातच आली नाही. आणि गूळ म्हणजे काय? दमट रात्री बरणीत आपोआप पाझरणारी वस्तू. डब्याच्या तळाशी राहिलेला गुळाचा कण रात्री ओलसर होत होता. पाणक्याला तिथेच पहिला घोट आणि पहिला घास मिळत होता. तो जागा होऊनच ढिगात पडत होता.

त्या संध्याकाळी कुमुदताई ताटात लाडू वळत होत्या.

"आई, मी तुला डबा रिकामा द्यायला सांगितलं होतं."

"रिकामाच झाला की. त्या लाल दाढीवाल्याने लाडू ठेवून घेतले का डब्यात? खाल्लेच ना?"

"तू नियम मोडलास!"

"मी कशाला मोडतेय? बिचारा दिवसभर त्या खिडकीत बसतो. येणारा जाणारा नुसता डबा आपटून जातो. मी विचारलं, बाबा रे, जेवलास का? तर म्हणे पाव खाल्ला. पावावर कुणाचं पोट भरतं?"

"चाचणी बाद होऊ शकते. आपलं हे घर जाऊ शकतं. कळतंय का तुला?"

कुमुदताईंचा हात थांबला. हातातला लाडू अर्धवट वळलेला राहिला.

"ढीग तर तापलेत," त्या हळूच म्हणाल्या.

डेक्लनचंही तेच म्हणणं होतं. ढीग तापलेत, समितीला ढीग दाखवा, दाढीचं कुणी विचारत नाही. शलाकाने दोन दिवस तो विचार करून पाहिला. पण मग शहरभर डबे गेले असते, गुळाशिवाय, आणि शहरभर ढीग थंडच राहिले असते. आणि खोटा आकडा एकदा लिहिला की पुढचे सगळे त्याला सांभाळून लिहावे लागतात. ती समितीपुढे गेली आणि लाडवांसकट सगळं सांगितलं.

समितीच्या अध्यक्ष डॉ. हार्टलींनी हातातले कागद खाली ठेवले.

"म्हणजे ही किमया गुळाची," त्यांनी विचारलं, "की तुमच्या आईंची?"

"मला माहीत नाही," शलाका म्हणाली. हे शास्त्रीयदृष्ट्या बरोबर उत्तर होतं.

"मग माहीत करून घ्या. उन्हाळा अजून महिनाभर आहे. त्याच गल्लीत, नवीन ढीग, नवीन डबे. निम्म्या डब्यांत यंत्राने मोजून गूळ घाला, निम्मे कोरे ठेवा. आणि तुमच्या आईंना बाजूला काढा. त्यांनी एकाही डब्याला हात लावायचा नाही. त्यांच्या घरातून गल्लीत कणभर अन्न जायचं नाही, आणि गल्लीतून त्यांच्याकडे यायचं नाही."

शलाकाने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं.

"मला वाळीत टाकलंस?" कुमुदताई म्हणाल्या.

"महिनाभरच, आई. चाचणी स्वच्छ व्हायला हवी."

"आणि मी काय घाण आहे?"

"शास्त्राच्या भाषेत..." शलाकाने सुरुवात केली, आणि पुढचा शब्द गिळला.

"शब्द दिला," कुमुदताई म्हणाल्या. या वेळी त्या 'बरं' म्हणाल्या नाहीत.

शलाकाने गल्लीत घरोघरी छापील सूचना वाटली. डबे आता डेक्लन पोचवू लागला. त्याच्याकडून निकाल लागेपर्यंत गल्लीतलं काहीही न खाण्याची शपथ घेतली होती. शपथ घेताना त्याचा चेहरा पाहवत नव्हता. कुमुदताई पुन्हा खिडकीत बसू लागल्या. स्तावरोस कुंपणाशी येऊन हाका मारी, तर त्या आतूनच हात हलवून 'नाही' म्हणत. काही दिवसांनी हाका बंद झाल्या.

निकाल मात्र चोख येत होता. गुळाच्या डब्यांचे ढीग तापू लागले, कोरे थंड राहिले. शलाका रोज सकाळी तापमापक घेऊन फिरे आणि रोज थोडी हलकी होऊन परते. आणि एके दिवशी स्तावरोसच्या ढिगात तापमापक खुपसला तर काटा सरसर वर चढला. स्तावरोसचं घर कोऱ्या गटात होतं.

ती तशीच घरात आली.

"तू दिलेस ना?"

"काय?"

"लाडू. कुंपणावरून. आई, एक महिना! एक महिना राहवलं नाही तुला?"

कुमुदताईंनी तिच्याकडे पाहिलं. मग निवडायला घेतलेली मेथी तशीच ओट्यावर ठेवून त्या उठल्या.

"मी शब्द दिला होता," त्या म्हणाल्या, आणि खोलीत गेल्या. दुपारी शलाकाने जेवायला हाक मारली, तर आतून आवाज आला, "तू वाढून घे."

शलाका न जेवता स्तावरोसकडे गेली. तो पायरीवर बसला होता. उठलाही नाही.

"तुम्ही ढिगात काय घातलंत?" तिने त्याच्या कानाशी जाऊन विचारलं.

"मी?" स्तावरोस उसळला. "मी नाही घातलं! तुमच्या त्या लाल दाढीने घातलं! मी कुमूसाठी बिस्किटं केली. दोन दिवस द्राक्षाचा रस आटवला, आमच्या गावी करतात तशी काकवी केली, बिस्किटं त्यात भिजवली. हात बघा माझे, भाजलेत! डब्यात घालून त्याला दिली, म्हटलं, कुमूला दे. तर तो म्हणतो, नियम आहे, डबा रिकामाच न्यायचा. आणि माझ्या डोळ्यांसमोर..." त्याने ढिगाकडे बोट दाखवलं.

डेक्लनने नियम पाळला होता. खाल्लं नाही, नेलं नाही, तिथेच ढिगात उलटं केलं.

"पण मी सूचना दिली होती," शलाका म्हणाली. "महिनाभर देवाणघेवाण नाही, असं स्पष्ट छापलं होतं. तो कागद वाचला नाही का तुम्ही?"

"कागद?" स्तावरोस म्हणाला. "तो फाडून ढिगात टाकला. ढिगाला सुकं लागतं, तुम्हीच सांगितलंत." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "कुमूला विचारा, माझं काय चुकलं? या गल्लीत एवढी वर्षं राहतो. माझ्या दारात तिच्याआधी कुणी भरलेला डबा आणला नव्हता."

शलाका घरी परतली आणि आईच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आई, मी चुकले. तू काही दिलं नव्हतंस." मग तिने बिस्किटांचं सगळं सांगितलं.

कुमुदताई ताडकन उठल्या. "अगं, म्हाताऱ्या माणसाने हात भाजून घेऊन केलेलं ढिगात ओतलं? आणि तो तिकडे समजतोय की मी त्याच्यावर रागावलेय? सर बाजूला."

"कुठे निघालीस?"

"कुठे म्हणजे?"

"आई, चाचणीचा अजून आठवडा आहे."

कुमुदताई थांबल्या. पायात चप्पल होती, हात दाराच्या कडीवर होता, आणि त्या खरोखर थांबल्या. लेकीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. बाईने शब्द दिला होता, आणि तो मोडायची परवानगी त्या मागत नव्हत्या. ते 'बरं' आता आलं असतं तर बरं झालं असतं, असं शलाकाला वाटून गेलं.

शलाकाने विचार केला. नेहमीसारखाच, पायरी पायरीने. स्तावरोसच्या ढिगात काकवी गेली होती. ढीग आता कोरा नव्हता आणि गुळाचाही नव्हता. तो आकडा कुठल्याच बाजूला धरता येणार नव्हता, म्हणजे ते घर बिस्किटं पडली तेव्हापासूनच चाचणीच्या बाहेर होतं.

"स्तावरोसचं घर मी चाचणीतून वगळते," ती म्हणाली. "आणि वगळलेल्या घराला समितीचा नियम लागू होत नाही."

"म्हणजे काय? मराठीत सांग."

"म्हणजे जा. फक्त त्याच्याच घरी. आणि थांब, मोकळ्या हाताने नको जाऊस."

"ते मला तू शिकव आता," कुमुदताई म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

समितीला निकाल पटला. गुळाचे सगळे ढीग तापले, कोरे सगळे थंड राहिले. एक घर का वगळलं त्याचा खुलासा शलाकाने अहवालात बिस्किटांसकट लिहिला. डॉ. हार्टलींनी तो दोनदा वाचला. त्यांचं बोट त्या ओळींवर जरा जास्तच वेळ थांबलं. पण सही झाली. पुढच्या हंगामापासून पाणक्या शहरभर जाणार होता, प्रत्येक डब्यात यंत्राने मोजून टाकलेल्या गुळाच्या गोळीसकट. नोकरी राहिली, घर राहिलं.

शलाकाने ही बातमी आईला जपून सांगितली. गोळीचं तर फारच जपून.

"म्हणजे आता यंत्रच गूळ घालणार?" कुमुदताईंनी विचारलं.

"हो. मोजून."

"चालतं त्याने?"

"अगदी तेवढंच." शलाका म्हणाली. "आई, तुला वाईट नको वाटायला. म्हणजे, पाणक्याला तुझ्या लाडवांची आता गरज नाही एवढंच."

कुमुदताई हातातली चाळण खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. एवढी शिकलेली मुलगी असं कसं बोलते, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

"अगं, पण बुरशीसाठी मी ते करत कधी होते?" त्या म्हणाल्या, आणि दाण्याचं कूट चाळायला लागल्या. डेक्लनची शपथ त्याच दुपारी संपत होती.